ताईच्या खिडकीवरचा कवडसा

पन्नाशी उलटून गेल्यावर कवडसे क्लॅरिनेट शिकायला लागले, तेव्हा वसाहतीच्या मागच्या रांगेत कुजबुज उठली की गडी औषधवालीच्या मागे लागला आहे. कुजबुज प्रथम कोणी केली हे सांगता येत नाही, पण दुपारपर्यंत ती इस्त्रीवाल्याच्या टेबलावर घडी घालून तयार होती आणि संध्याकाळी कपड्यांबरोबर घरोघर पोचली.

"बाप शिकवतो क्लॅरिनेट, लेक करते चहा," इस्त्रीवाला कॉलरवर पाणी शिंपडत म्हणे. "आता तुम्हीच सांगा, माणूस फुंकायला जातो की प्यायला?"

ऐकणारे हसत. हसण्यासारखंच होतं ते. कवडसे दिसायला असे की लग्नाच्या बाजारात ते कधी उभे होते हेच कोणाला आठवू नये. अंग सुकलेलं, खांद्याला कायम लॅपटॉपची पिशवी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून वर भिंतीकडे बघायची सवय. त्या भिंतीपायीच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं आडनाव कंपनीच्या ओळखपत्रावर होतं, ते कोणी वाचत नसे.

भिंतीची हकीकत अशी. मोठ्या रस्त्यावर मोबाईलचा टॉवर होता आणि त्याच्या मागे चार रांगांची वसाहत. पुढे रस्त्याच्या कडेला एक उंच कचेरी उभी राहिली, सगळी काचेची, आणि वसाहत तिच्या सावलीत गेली. उन्हाच्या सावलीचं कोणाला फारसं वाटलं नाही. पण टॉवरकडून येणाऱ्या लहरींचीही सावली पडते, हे लोकांना तेव्हा कळलं. फोन लागेनात. माणसं गच्चीवरच्या टाकीला टेकून घरगुती भांडणं करू लागली आणि ती चारही रांगांना ऐकू जाऊ लागली. इस्त्रीवाल्याच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ.

मग मोबाईलच्या कंपनीने वसाहतीच्या अंगाला असलेल्या शीतगृहाच्या आंधळ्या भिंतीवर एक भली मोठी फळी बसवली. लांबून बघणाऱ्याला वाटे, न्हाणीघराच्या फरश्या कोणी चुकून बाहेरून लावल्या. शेकडो चौकोनी चकत्या, एकीला एक लागून. त्या भिंतीवरून टॉवर दिसत होता आणि वसाहतही. टॉवरच्या लहरी फळीवर यायच्या आणि फळी त्या वसाहतीत वळवायची. लहान मूल हातात आरसा घेऊन उन्हाचा कवडसा समोरच्याच्या डोळ्यांवर नाचवतं ना, तसं. फरक इतकाच की आरसा हातात फिरवावा लागतो. ह्या चकत्या जागच्या हलत नाहीत, आतल्या आत कूस बदलतात. कोणत्या चकतीने कोणत्या कुशीवर व्हायचं हे एक यंत्र ठरवतं. ते क्षणोक्षणी बघतं की आत्ता कोण बोलतंय, कोणाच्या घरी सिनेमा चाललाय, कोण नुसताच फोन खिशात घालून झोपलाय, आणि त्याप्रमाणे कवडसा सगळ्यांना वाटून देतं. फळी स्वतः काही बोलत नाही, दुसऱ्याचं बोलणं इकडचं तिकडे करते. म्हणजे इस्त्रीवाल्याचंच भावंड.

ही फळी बसवली कवडश्यांनी, आणि तिची देखभालही त्यांच्याकडेच होती. काठीला फोन बांधून ते रांगारांगांतून, जिन्याजिन्यांतून हिंडत, कुठे लहरी पोचतात नि कुठे नाही ते बघत. अशी तपासणी करताना एखाद्या जागेवर कवडसा स्थिर धरून ठेवावा लागतो, नाहीतर यंत्र तो दुसरीकडे पळवतं. फळीच्या काही चकत्या अशा एका जागी रोखून धरण्याला त्यांच्या धंद्यात "खिळा ठोकणं" म्हणतात. खिळा ठोकायचा, मोजायचं, खिळा काढायचा, पुढे चालू लागायचं. काढल्याशिवाय निघायचं नाही, हा ह्या कामाचा पहिला धडा. कवडश्यांनी तो कित्येक नवशिक्यांना दम देऊन शिकवला होता.

आणि मागच्या रांगेत, तळमजल्याच्या कोपऱ्यात, त्यांची ताई राहत होती.

आई गेली तेव्हा कवडसे फ्रॉकएवढे लांब सदरे घालत होते. ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, गणितात नापास झाल्यावर झोडलं. त्यामुळे भाऊ कंपनीचा तंत्रज्ञ झाला तरी ताईच्या लेखी तो अजून नाक पुसून द्यायच्या वयाचा होता. तिची लेक लांब देशी. तिला मुलगा झाला. आणि ताईची खिडकी अशा कोपऱ्यात की वाटून दिलेल्या कवडश्यातला शेवटचा तुकडा तिच्या वाट्याला यायचा. नातवाचं तोंड दिसायचं ते चौकोनाचौकोनांचं.

"गावभराला आरसा दाखवत फिरतोस," ताई म्हणाली, "आणि सख्ख्या बहिणीच्या घरात काळोख! हे बघ, हा माझा नातू. ह्याला नाक आहे की नाही ते तरी सांग."

"ताई, ते यंत्र वाटतं. सगळ्यांना सारखं."

"यंत्राला काय माहीत मी कोण?"

यंत्राला खरंच माहीत नव्हतं. कवडश्यांना माहीत होतं. फळीच्या डाव्या अंगाच्या चकत्या मागच्या रांगेकडे बघत होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा त्यांनी ताईच्या खिडकीवर रोखल्या आणि खिळा ठोकला. आठ दिवसांपुरता, असं स्वतःला सांगून. लेकीचे बाळंतपणाचे दिवस सरले की काढू.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. आवाज रडून फुटला होता. "अरे, नाक आहे! माझ्या आईचं नाक आहे रे त्याला!"

आता हे ऐकल्यावर खिळा कोण काढील? आठवडा गेला, महिने गेले. बाळ पालथं पडलं, ते ताईने पाहिलं. बाळाला पहिला दात आला, तोही पाहिला. रोज सकाळ-संध्याकाळ ती खिडकीशी बसून नातवाशी बोबडं बोले आणि लेकीच्या मामाला म्हणजे कवडश्यांना आशीर्वाद देई. कवडसे फळीची तपासणी करायला येत, डाव्या अंगाचा खिळा बघत आणि पुढच्या खेपेला काढू म्हणून लॅपटॉप मिटत. तक्रार कोणाचीच नव्हती. मागच्या रांगेत एखाद्याचा सिनेमा मध्ये अडे, तो वैतागे, थांबे, विसरे. अगदीच कुठे बिघाड असता तर कोणी बोंब मारली नसती का?

एका माणसाने मारली नाही. कारण त्याला बिघाड लाईनीत आहे असं वाटलंच नाही. त्याला वाटलं, बिघाड आपल्यात आहे.

मागच्याच रांगेत, तिसऱ्या मजल्यावर, मास्तर राहत. ते एके काळी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत. म्हातारपणी फोनवरून शिकवणी घेत. लांबलांबच्या गावांतली मुलं होती. शिकवण्याची पद्धत जुनी आणि कडक. विद्यार्थ्याने एक तुकडा वाजवायचा, मास्तरांनी डोळे मिटून ऐकायचा आणि एकूण एक चूक सांगायची. दुसऱ्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तरी तिचा सूर सांगत, असा त्यांच्या कानाचा लौकिक. घरात ते आणि त्यांची लेक. तिचं लग्न झालं होतं, मोडलंही होतं, आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ती गल्ल्यामागे उभी राही. तीच ती औषधवाली. तोंडाने फटकळ. खोकल्याचं औषध देताना माणसाला दोन टोमणेही बांधून देई.

कवडसे एके दिवशी तिच्याकडे घसा धरल्याची गोळी घ्यायला गेले.

"घसा कशाने धरला? तुम्ही तर बोलतच नाही कुणाशी," ती म्हणाली. "भिंतीशी भांडलात का?"

कवडसे हसले. मग काहीतरी विचारायचं म्हणून म्हणाले, "मास्तर बरे आहेत ना? हल्ली क्लॅरिनेट ऐकू येत नाही."

औषधवालीचा टोमणा एकदम आटला. "शिकवणी बंद केली बाबांनी. ऐकू येत नाही त्यांना."

"मास्तरांना? ऐकू येत नाही?"

"बोललेलं येतं हो. सूर गळतात. मुलं वाजवायची आणि बाबा म्हणायचे, मधला सूर खाल्लास. पोरगं म्हणायचं, वाजवला. बाबा म्हणायचे, नाही वाजवलास. रोज हेच. मग आईबाप फोन करायला लागले, मास्तर, तुमचे कान दाखवून घ्या. गेलो दाखवायला. डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे थोडं कमी झालंय. झालं! त्या दिवसापासून क्लॅरिनेट पेटीत आणि बाबा खुर्चीत."

"कधीपासून हे?"

"असेल... तुमच्या ताईंना नातू झाला ना, त्याच्या मागेपुढेच."

गोळी कवडश्यांच्या हातातच राहिली.

त्यांना जे कळलं ते दुसऱ्या कोणाला तिथे कळलं नसतं. लाईन अपुरी पडली की पूर्वी आवाज तुटायचा, खरखर व्हायची, माणूस हॅलो हॅलो ओरडायचा. नवी यंत्रं सभ्य झाली आहेत. आवाजातला बारीकसा तुकडा पोचला नाही, तर ती दोन्ही टोकं हळूच जुळवून टाकतात, शिंप्याने फाटलेलं रफू करावं तशी. बोलण्यात ते कळतही नाही. अर्धा शब्द गेला तरी माणूस पुरा ऐकतो. पण गाण्यात गेलेला सूर गेला. मुलाने वाजवलेला सूर वाटेत गळला, फोनने भोक रफू केलं आणि मास्तरांच्या त्या नावाजलेल्या कानाला अगदी बरोबर ऐकू आलं की सूर नाही. कान चोख होता म्हणूनच तो फसला. आणि सूर वाटेत गळला, कारण मास्तरांच्या खिडकीच्या वाट्याच्या चकत्या तळमजल्यावर ताईच्या नातवाचं नाक दाखवत होत्या.

कवडसे दुकानातून थेट शीतगृहाच्या भिंतीखाली गेले, जमिनीवरच फतकल मारली, लॅपटॉप उघडला आणि खिळा काढला. काढायला काही वेळ लागला नाही. हेच जास्त लागलं त्यांना.

लगेच ताईचा फोन. "अरे, बाळ मधेच दगड झालं! तोंड उघडं, हलत नाही!"

कवडसे ताईच्या घरी गेले. काठीला फोन बांधून खोलीभर फिरले, बाहेर आले, जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबले. तिथे लहरी भरपूर होत्या. त्यांनी आतून एक स्टूल आणलं आणि वळणावर ठेवलं. ताई बसली, फोन लावला, नातू हसला. नाकासकट.

"अगोदर नाही सुचलं हे तुला?" ताई म्हणाली.

एक स्टूल. कवडसे त्या स्टुलाकडे बघत राहिले. सगळं पाप एका स्टुलाने टळलं असतं.

आता सरळ माणूस असता तर तीन मजले चढून मास्तरांना सांगून मोकळा झाला असता. कवडसे चढलेही. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली, प्रत्येक मजल्यावर एक एक विसरले, आणि मास्तरांच्या दारात पोचले तेव्हा जवळ फक्त एक उरलं होतं.

"मास्तर, लाईन आता चांगली झाली आहे. शिकवणी पुन्हा सुरू करा."

"लाईनीला काय झालं होतं?" मास्तर खुर्चीतून म्हणाले. "आवाज स्वच्छ येत होता. कान गेले माझे."

हीच ती जागा. इथे तोंड उघडायचं. पण खिळा ठोकून निघून गेलेल्या माणसाला कंपनी नोकरीवर ठेवत नाही. शिवाय ताईचं नाव आलं असतं. आणि खरं सांगायचं तर ही दोन्ही कारणं कवडश्यांनी नंतर शोधली. त्या क्षणी ते नुसते घाबरले. खुर्चीतला म्हातारा एवढासा दिसत होता, आणि त्याला एवढासा आपण केला, हे त्याच्याच तोंडावर म्हणायला जीभ उचलेना.

"मग मला शिकवा," कवडसे म्हणाले.

"काय?"

"क्लॅरिनेट. मी समोर बसून वाजवीन. फोन नको. बघू तुमचे कान गेलेत का."

आतून औषधवालीच्या हातातलं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

डाव असा होता: समोर बसून वाजवलेलं मास्तरांना स्पष्ट ऐकू येणार, ते चुका काढणार, आणि मग त्यांना आपोआप पटणार की कान शाबूत आहेत. कबुली न देता काम होणार. फार हुशार डाव. फक्त एक गोष्ट विसरली होती. कवडश्यांना वाजवता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी क्लॅरिनेटमधून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मास्तर कपाळाला हात लावून बसले.

"चूक ऐकू आली ना, मास्तर?" कवडश्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"ही ऐकायला कान कशाला लागतात?" मास्तर म्हणाले. "ही ताईंच्या नातवालाही ऐकू गेली असेल."

म्हणजे डाव फसला. बारीक चूक कानाला कळते की नाही, हा प्रश्न होता. आणि बारीक चूक करण्याइतकं चांगलं वाजवणं कवडश्यांना कुठून यायचं? ते आलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. माफी मागायला लागणारं धैर्य वाचवण्यासाठी माणूस किती कष्ट उपसतो बघा! शीतगृहाच्या यंत्रखोलीत, जिथे पंख्यांच्या घरघरीत काही ऐकू जात नाही, तिथे ते जेवणाच्या सुट्टीत सराव करू लागले. ओठ सुजले. क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या पातळ पट्ट्या, रीड, चिरल्या. कंपनीच्या गाडीत बसून ते नुसत्या बोटांनी सूर मोजत, सिग्नल हिरवा झाला तरी.

शिकवणीला मात्र एकदाही चुकले नाहीत. मास्तर आता त्यांना "अरे तुरे" करू लागले होते, म्हणजे विद्यार्थी म्हणून दप्तरी नोंद झाली होती. खुर्ची खिडकीकडून खोलीच्या मध्यात आली होती. कधी चिडून स्वतःचं क्लॅरिनेट पेटीतून काढून दाखवत, "असं!" आणि परत ठेवत. कवडश्यांना तेवढ्या एका "असं"मध्ये जे ऐकू येई, त्याने त्यांचा जीव आणखी खाली जाई.

इकडे वसाहतीने काय तर्क बांधला ते आपण सुरुवातीलाच ऐकलं. इस्त्रीवाल्याने त्याला पुरावेही जोडले. औषधवाली शिकवणीच्या दिवशी दुकान लवकर बंद करते. औषधवालीने ठेवणीतली कपबशी काढली. औषधवाली टोमणे मारते, पण कवडश्यांना मारताना हसते.

"कवडसे साहेब," इस्त्रीवाला एकदा शर्ट देताना म्हणाला, "ह्याला जरा कडक इस्त्री केली. गरज पडेल असं वाटलं."

"कसली गरज?"

"आता मीच सांगू?"

कवडश्यांना काही उमजलं नाही. डोक्यावरून भिंतीकडे बघत ते निघून गेले. कपबशी बदलल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. अपराधी माणूस फार आपमतलबी असतो. त्याला स्वतःच्या अपराधापलीकडे काही दिसत नाही.

दिसलं ताईला. तिने भावाला जिन्यातल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली.

"औषधवाली चांगली बाई आहे. तुझ्या मनात असेल तर मी बोलते मास्तरांशी."

"माझ्या मनात तसलं काही नाही, ताई."

"मग रोज काय पुंगी वाजवायला जातोस? लहानपणी शाळेच्या कवायतीत तुला ढोल दिला होता, तोही काढून घेतला होता."

कवडसे गप्प बसले. ताई थांबली. ह्या गप्प बसण्याची तिला जुनी ओळख होती. गणिताचा निकाल लपवताना तो असाच बसे. मग त्यांनी सांगितलं. खिळा, चकत्या, गळलेले सूर, सगळं.

ताई जिन्याच्या कठड्याला टेकली. बोलली तेव्हा आवाज खालचा होता. "म्हणजे मी इथे नातवाचे दात मोजत होते, आणि वरती तो माणूस स्वतःला बहिरा समजत बसला होता?"

"तुला माहीत नव्हतं, ताई."

"नव्हतं ना? आता आहे. आता ते माझंही पाप झालं. तू सांगतोस की मी जाऊ वर?"

"मी सांगतो."

"कधी?"

"आज."

त्या दिवशी कवडसे शिकवणीला बसले. मास्तरांनी दिलेला तुकडा त्यांना आता जवळजवळ येत होता. बरेच दिवस ज्याची वाट पाहिली ती बारीक चूक करायची त्यांनी तयारी केली होती: चौथ्या ओळीत एक सूर केसभर चढवायचा. त्यांनी वाजवलं. सूर चढवला.

"थांब," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "चौथ्या ओळीत चढलास, ते मुद्दाम. पण त्याच्या आधी, दुसऱ्या ओळीत, तिसरा सूर उतरलाय. ते तुला कळलंही नाही."

कवडश्यांना खरंच कळलं नव्हतं.

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. "मला ऐकू आलं," ते म्हणाले. "अरे, मला ऐकू येतंय की!"

दारात औषधवाली ट्रे घेऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ती बापाकडे नाही, कवडश्यांकडे बघत होती.

इथे गप्प राहिले असते तर सगळं गोड झालं असतं. मास्तरांना कान मिळाले, वसाहतीला लग्न मिळालं असतं. कवडश्यांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं.

"मास्तर, तुमचे कान कधीच गेले नव्हते," ते म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. भिंतीकडे न बघता.

मास्तर रागावतील, हाकलतील, अशी कवडश्यांची कल्पना होती, आणि त्याची त्यांना जवळजवळ आसच लागली होती. मास्तरांनी भलतंच विचारलं.

"ती एक विद्यार्थिनी होती माझी. सगळ्यांत चांगली. परीक्षेला बसायची होती. तिचा शेवटचा तुकडा... त्यातला वरचा सूर. तो तिने वाजवला होता?"

"वाजवला असणार."

"तीनदा म्हणाली ती. मास्तर, वाजवला मी. मी तिला खोटारडी म्हणालो." मास्तरांनी हात मांडीवर घासले. "विद्यार्थ्याला मी आळशी म्हणतो, गाढव म्हणतो. खोटारडी कधी कोणाला म्हणालो नव्हतो."

त्यांनी तिथेच फोन लावला, खोलीभर ऐकू येईल असा. लाईन आता आरशासारखी होती. मुलगी फोनवर आली, आदराने बोलली. मास्तरांनी माफी मागितली, कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, हरकत नाही मास्तर, मी आता दुसरीकडे जाते शिकायला. मास्तर म्हणाले, तो तुकडा एकदा वाजवून दाखवशील? ती म्हणाली, आत्ता क्लॅरिनेट जवळ नाही. तिच्या मागे खोलीत कोणीतरी क्लॅरिनेट जुळवत होतं, किंवा तिनेच ते हातातून खाली ठेवलं होतं. मास्तरांना ते स्पष्ट ऐकू आलं. कवडश्यांनाही.

मास्तरांनी फोन ठेवला. "उद्या ये," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "माफ केलं म्हणून नव्हे. तिसरा सूर उतरतोय तुझा."

जिन्यात औषधवाली मागून आली. कवडसे दोन पायऱ्या खाली होते.

"कवडसे," ती म्हणाली, "लोक म्हणत होते तुम्ही माझ्यासाठी येता."

"कोण लोक?"

"इस्त्रीवाला. सगळेच." ती हसल्यासारखी झाली. "मी त्यांना शिव्या घालायचे. पण घालताना मला बरं वाटायचं, एवढं सांगते. तुम्ही खिडकी एकच बंद केली असं समजू नका."

ती वर गेली. दुसऱ्या दिवशी चहा आला तो रोजच्या जुन्या कपात, आणि तेव्हा कुठे कवडश्यांच्या लक्षात आलं की मधल्या काळात कप वेगळा होता.

मास्तरांची शिकवणी पुन्हा सुरू झाली. दोन मुलं परत आली, काही नवी आली, ती एक आली नाही. कंपनीला कधी काही कळलं नाही. मागच्या रांगेतलं कंपनीला कधीच काही कळत नसे. ताई अजून जिन्यातच बसून नातवाशी बोलते, आणि कोणी आत बसा म्हटलं तर नको म्हणते. कवडसे अजून मास्तरांकडे जातात, त्यांचा तिसरा सूर अजून उतरतो, आणि इस्त्रीवाला अजून सांगतो की गडी बाईच्या मागे लागला होता पण जमलं नाही.

खरं असं: कवडसे औषधवालीसाठी कधीच गेले नाहीत. बहिणीच्या खिडकीसाठी त्यांनी फळीचा डावा भाग रोखून धरला, खिळा काढायचा तेव्हा काढला नाही, आणि त्यापायी एक म्हातारा बहिरा ठरला नि एक मुलगी खोटारडी. ते तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ते क्लॅरिनेट शिकले.